'ठार झाले' की 'ठार केले'? लांबच्या युद्धाबद्दल आपलं मत बनतं कसं

परवा रविवारी नाशिकच्या सिडकोतल्या नेहमीच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. पुढे चार जण, पंखा नावाला फिरतोय आणि टीव्हीवर कुठल्यातरी लांबच्या युद्धाच्या बातम्या. सलूनवाल्या दादाला एका चॅनलवर दोन मिनिटांपेक्षा जास्त दम निघत नाही. पहिल्या चॅनलवर खाली पट्टी चालली होती, हल्ल्यात अमुक इतके नागरिक ठार झाले. शेजारचे काका म्हणाले, "अरेरे, काय दिवस आलेत बघा." दादाने चॅनल फिरवलं. तिकडे तोच व्हिडिओ, तोच धूर, आकडाही तोच, फक्त पट्टीवर होतं, इतक्या नागरिकांना ठार केलं. काकाही तेच. पण आता म्हणाले, "माजलेत लेकाचे. कुणी केलं म्हणे हे?"

मधे चाळीस सेकंद गेले असतील.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय म्हणून लिहून काढतोय. मला वाटतं लांबच्या युद्धांबद्दल आपली जी काय मतं असतात, म्हणजे अमुक देश गुंड आणि तमुक बिचारा, त्यातली बरीचशी अशा 'झाले' आणि 'केले'मधूनच आलेली असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

"ठार झाले" हे बघा. पाऊस झाला, उशीर झाला, लग्न झालं, तसे ठार झाले. ह्यात मरणारे आहेत पण मारणारा कुठेच नाही. "ठार केले" म्हटलं की लगेच मन 'ने' शोधायला लागतं, कुणी'ने'? आणि तो 'ने' कुणाच्या नावाला चिकटवायचा हे ज्याच्या हातात, त्याने अर्धी लढाई घरी बसून जिंकलेली असते. आपल्या पेपरांकडे तर ह्याची अख्खी शिडीच आहे, मृत्यू झाला, मृत्युमुखी पडले, बळी गेले, ठार झाले, ठार केले, खात्मा केला, आणि सगळ्यात शेवटी कंठस्नान घातलं. कंठस्नान हा शब्द बातमीच्या बाहेर कुठे राहत असेल असं मला वाटत नाही, शाळेत असताना मला खरंच वाटायचं की आधी आंघोळ घालतात. माणूस सगळ्या पायऱ्यांवर तेवढाच मेलेला असतो, पण सुरुवातीच्या पायरीवर मेला तर आपण हळहळतो आणि शेवटच्या पायरीवर मेला तर टाळी वाजवतो. आपला जवान गेला तर तो ह्या शिडीवर येतच नाही, त्याला वीरमरण येतं. मीही तेच म्हणेन, त्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त समोरच्या देशातही त्यांच्या माणसाला त्यांच्या भाषेत वीरमरणच येत असतं एवढं लक्षात असलेलं बरं.

आता जवळच्या गोष्टीत हे खेळ फार चालत नाहीत. पेपरात 'गोदावरीच्या पातळीत वाढ' एवढंच छापून आलं तरी नाशिककर काय करतो, गाडी काढतो, रामकुंडाकडे जातो आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय ते बघतो. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, विषय संपला. कुणी 'पूरसदृश परिस्थिती' म्हणू दे नाहीतर आणखी काही, मारुतीच्या गळ्याशी पाणी असेल तर तो पूर आहे. युक्रेनच्या खार्कीव्हमध्ये, गाझामध्ये, सुदानमध्ये आपला कुठलाच दुतोंड्या मारुती उभा नाही. तिथे आपल्यासाठी शब्द हाच मारुती, आणि हा मारुती रात्रीतून उचलून दोन पायऱ्या वर किंवा खाली ठेवता येतो.

हे लोकांना आज कळलेलं नाही, शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. पहिलं महायुद्ध. ४ ऑगस्ट १९१४ च्या रात्री ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि काही तासांतच, ५ तारखेच्या पहाटे, 'अलर्ट' नावाचं एक ब्रिटिश जहाज इंग्लिश खाडीत गेलं आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या जर्मनीच्या पाच तारा त्यांनी तोडून टाकल्या. म्हणजे ब्रिटनने युद्धातलं जे अगदी पहिलं काम केलं त्यातलं हे एक, तोफ नाही काही नाही, वायर तोडली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, ती उतरली १९१७च्या एप्रिलमध्ये. मधल्या पावणेतीन वर्षांत अमेरिकेतल्या माणसाने युरोपातल्या युद्धाबद्दल जे वाचलं त्यातलं बरंचसं लंडनवरून, ब्रिटिश सेन्सॉरच्या टेबलावरून आलेलं होतं. जर्मनीकडे वायरलेस होता, पण तारेची सर त्याला नव्हती. आपल्याकडे तर प्रश्नच नव्हता, १८७० सालीच मोठ्या वृत्तसंस्थांनी जग आपसात वाटून घेतलं होतं आणि ब्रिटिश साम्राज्य रॉयटर्सच्या वाट्याला, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पेपरांना परदेशी तारा यायच्या त्या तिकडूनच. जर्मन माणूस राक्षस आहे की नाही हे ठरवायला आपल्या पणजोबांकडे दुसरा काही रस्ताच नव्हता.

आज नुसत्या तारा तोडून बातमी अडत नाही, आज शब्द तोडतात. सगळ्यात उघड उदाहरण रशियाचं. २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनमध्ये फौजा घुसल्या आणि नाव ठेवलं 'विशेष लष्करी मोहीम'. नुसतं नाव ठेवून थांबले नाहीत, ४ मार्चला कायदा केला की सैन्याबद्दल खोटी माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद, आणि खरी माहिती कुठली तर सरकारने सांगितलेली. युद्धाला युद्ध म्हणणं रिस्कीच होऊन बसलं. आपण हसतो ह्याला. पण हसायच्या आधी आपल्याच घरातलं एक उदाहरण घ्या. सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थान. भारताचं लष्कर रणगाडे घेऊन आत गेलं, ऑपरेशनला नाव होतं 'पोलो', पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि मराठवाड्यात आजही कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल "पोलीस अ‍ॅक्शन". पोलीस! अहो फौज गेली होती. पण 'युद्ध' म्हटलं असतं तर दोन देश आले असते, मग युनोत परराष्ट्राचा प्रश्न झाला असता, पोलीस म्हटलं की घरातली बाब. दोन वर्षांनी, २९ जून १९५०ला, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन ह्यांना एका पत्रकाराने कोरियाबद्दल विचारलं की ह्याला युनोची पोलीस अ‍ॅक्शन म्हणायचं का, तर ते हो म्हणाले. आपली पाच दिवसांत आटोपली. त्यांची तीन वर्षं चालली आणि अमेरिकेचेच ३६ हजारांवर सैनिक गेले.

मला स्वतःला हैदराबाद मुक्त झालं ह्याचा आनंदच आहे, तो वेगळा विषय. सांगायचंय एवढंच की ही युक्ती फक्त 'त्यांची' नसते.

आणि आपण नाशिककरांनी तर हे जास्त ओळखायला हवं. गोल्फ क्लबवर रोज सकाळी एवढी माणसं चालायला येतात, त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ला कान्हेरेंनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ब्रिटिश कागदांत तो खून, आणि त्या सगळ्या प्रकरणाला त्यांनी नाव दिलं 'नाशिक कॉन्स्पिरसी केस'. गंमत बघा, कान्हेरेंना आपण हुतात्मा केलं, पण खटल्याला अजून 'नाशिक कट'च म्हणतो, तो 'कट' साहेबाचाच राहिलाय. १८५७चंही तसंच, साहेबाने त्याला शिपायांचं बंड म्हटलं, आणि इथल्याच भगूरच्या सावरकरांनी १९०९ साली त्यावर पुस्तक आणून त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं तर सरकारने ते छापून व्हायच्या आधीच बंदी घातली. साहेबाला घटना सगळी माहीत होतीच की, त्यात लपवण्यासारखं काय होतं? भीती नावाची होती.

बरं, हे शब्द आपल्यापर्यंत येतात कसे तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं की कुणीतरी बंद खोलीत बसून कट करतं (पुन्हा कट!). तसं क्वचितच असतं. माझा एक मित्र काही वर्षं एका पेपरच्या डेस्कवर होता. तो सांगायचा, रात्री अकरा वाजता एजन्सीची इंग्रजी कॉपी येते, एडिशन सुटायला वीस मिनिटं, आणि त्यात एक शब्द असतो 'मिलिटंट'. आता ह्याचं मराठी काय करणार? अतिरेकी? दहशतवादी? बंडखोर? सशस्त्र गटाचे सदस्य? प्रत्येक शब्दात निकाल आधीच दिलेला आहे. 'बंडखोर' म्हटलं तर आपल्याकडे तिकीट कापलेला आणि अपक्ष फॉर्म भरलेला माणूस डोळ्यासमोर येतो, जो शेवटच्या दिवशी माघार घेतो. 'अतिरेकी' म्हटलं की ऐंशीच्या दशकातला पंजाब आठवतो. आणि 'सशस्त्र गटाचे सदस्य' हेडिंगमध्ये मावत नाही. मग वीस मिनिटांत जे मावतं ते जातं, बऱ्याचदा काल जे गेलं होतं तेच, आणि सकाळी लाख-दोन लाख लोक ते वाचून मत बनवतात. म्हणजे लंडनच्या कुठल्यातरी ऑफिसातल्या स्टाइलबुकाने एक शब्द ठरवला, इथे मित्राने कॉलमच्या रुंदीत बसेल असा दुसरा टाकला, आणि सिडकोतले काका म्हणाले माजलेत. युक्रेनच्या राजधानीचं स्पेलिंगच घ्या, २०१९ साली एपी ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेने रशियन उच्चाराचं 'किएव्ह' सोडून युक्रेनियन उच्चाराचं धरलं, हा त्यांच्यासाठी स्वाभिमानाचा मुद्दा, आणि आपल्याकडे डेस्कवाल्यांना दुसरंच टेन्शन की 'कीव' लिहिलं तर लोक म्हणतील कुणाची कीव करताय, म्हणून सगळीकडे 'कीव्ह'.

शब्द उलटेही जातात बरं का. देवळालीच्या कॅम्पात गोरे सोल्जर घरी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणायला लागले. आख्ख्या जगाच्या डिक्शनरीत नाशिकचं नाव कशासाठी तर युद्धाने पिकलेल्या डोक्यासाठी.

आता सगळ्यात छोटा शब्द. दिल्लीत सप्टेंबर २०२३ला जी-२० झाली. जाहीरनाम्यात युक्रेनबद्दल काय लिहायचं ह्यावर प्रचंड घासाघीस, आणि शेवटी जे एकमत झालं त्यात आलं 'युक्रेनमधलं युद्ध'. त्याच्या आदल्या वर्षी बालीला झालेल्या जी-२०च्या जाहीरनाम्यात रशियाने युक्रेनविरुद्ध केलेल्या आक्रमणाचा नाव घेऊन निषेध होता. '-विरुद्ध' गेलं आणि '-मधलं' आलं. '-मधलं' म्हणजे काय, नाशिकमधला पाऊस, सिन्नरमधली थंडी, कुणी केलं असं काही नाही. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने तो मजकूर लाल रंगाने खोडून, दुरुस्त करून पोस्ट केला, अगदी मास्तर वही तपासतात तसा, आणि म्हणाले ह्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे मात्र त्या दिवशी सगळे खूश, कारण सगळ्यांची सही मिळाली. दोन्ही खरंच होतं. एका प्रत्ययावर सगळ्यांना सही करता आली आणि तोच प्रत्यय ज्याच्या घरावर बॉम्ब पडत होते त्याला झोंबला.

काही शब्द मात्र असे असतात की ते वापरले की बिल येतं. 'जेनोसाइड', वंशसंहार. १९४८च्या आंतरराष्ट्रीय करारात ज्यांनी सही केली त्यांनी वंशसंहार रोखायची जबाबदारी घेतलीय. म्हणून १९९४ला रवांडामध्ये तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल चालली होती, शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या तो शब्द सरळ उच्चारायला तयार नव्हत्या, 'वंशसंहाराची कृत्ये' घडलीत असं म्हणत राहिल्या. १० जूनला एका पत्रकाराने विचारलं की अशी किती कृत्यं झाली की त्याचा एक वंशसंहार होतो? उत्तर नव्हतं. शब्द टाळला की बिल टळतं असा हिशोब होता.

त्याच्या बरोबर उलट १९७१. पूर्व पाकिस्तानात सगळं कसं शांत आहे हे दाखवायला पाकिस्तानी लष्कराने स्वतःच काही पत्रकारांना नेलं. त्यातले एक अँथनी मस्कारेन्हस, जन्म आपल्या बेळगावचा, नोकरी कराचीत. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. ह्यांनी जे पाहिलं ते घेऊन लंडन गाठलं, बायकामुलांना पाकिस्तानातून बाहेर काढलं, आणि १३ जून १९७१ला 'संडे टाइम्स'मध्ये त्यांचा लेख आला, हेडिंग एकच शब्द, 'जेनोसाइड'. ढाक्यापासून हजारो किलोमीटर लांब बसलेल्या माणसाला तोपर्यंत ही पाकिस्तानची 'अंतर्गत अशांतता' वाटत होती. ढाक्यातल्या अमेरिकन कॉन्सुलने मार्चमध्येच वॉशिंग्टनला हाच शब्द लिहून कळवला होता, पण ती तार फायलीत राहिली. शब्द तोच, सरकारी तारेत असताना कुणाला कळला नाही, पेपरच्या हेडिंगला आल्यावर जगाला कळला.

'प्रत्युत्तर' हाही एक भारी शब्द आहे. ज्या बाजूच्या हल्ल्याला प्रत्युत्तर म्हटलं ती बाजू आपोआप दुसरी झाली, म्हणजे सुरुवात समोरच्याने केली. सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं की प्रत्येक जण गोष्ट कुठून सुरू करतो बघा, मी सांगेन काल त्याने माझ्या गाडीला स्क्रॅच पाडला तिथून, तो सांगेल मागच्या महिन्यात मी त्याची जागा अडवली तिथून. युद्धात हे पन्नास-पन्नास वर्षं मागे जातं, आणि टीव्हीवाल्याकडे वेळ असतो दीड मिनिट.

आता आपलं ताजं. २२ एप्रिल २०२५, पहलगाम, २६ माणसं मारली, बहुतेकांना धर्म विचारून. परदेशातल्या मोठ्या माध्यमांनी लिहिलं 'मिलिटंट्स'. आपल्याकडे संताप झाला, सरकारने बीबीसीला पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या एका संसदीय समितीने तर न्यूयॉर्क टाइम्सच्या हेडिंगमधला तो शब्द खोडून 'टेररिस्ट्स' लिहून पोस्ट केलं. बीबीसीचं म्हणणं जुनंच, आम्ही कुणालाच स्वतःहून टेररिस्ट म्हणत नाही, कुणी म्हटलं तर त्याच्या तोंडी घालतो. मला हे पटत नाही, पर्यटकांना धर्म विचारून मारणाऱ्याला दुसरा काय शब्द आहे? पण मग मीच रशियाच्या क्षेपणास्त्राबद्दल वाचताना 'कारवाई' शब्दावरून पुढे सरकतो आणि मला काही खटकत नाही, तेव्हा कीव्हमधल्या माणसाला माझ्याबद्दल हेच वाटत असणार.

मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. पहलगामला नवरे मारले, कुंकू पुसलं, एका शब्दात सगळं, आपल्या आजीलाही समजावून सांगावं लागलं नाही. पण हाच शब्द समुद्रापार गेल्यावर परदेशी पेपरांना एक आख्खी ओळ खर्चावी लागली की लग्न झालेल्या हिंदू बायका भांगात लाल पावडर भरतात वगैरे. पावडर म्हटल्यावर राहिलं काय त्यात! घरातल्यांसाठी ठेवलेलं नाव बाहेर भाषांतरात मेलं. त्याच आठवड्यात ८ मेच्या रात्री आपल्या काही चॅनलनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं ओरडून सांगितलं, ग्राफिक, सायरन, सगळं. आमच्या ग्रुपवर रात्री दीडला पेढ्यांचे फोटो. सकाळी कळलं की तसं काही झालंच नव्हतं. त्याचं नुकसान कुठे झालं तर लांबच्या देशात, कारण तिथल्या वाचकाने मग आपल्या खऱ्या बातमीलाही 'भारताचा दावा' म्हणायला सुरुवात केली. 'माहिती' आणि 'दावा' ह्यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं.

ह्याचा अर्थ आपण सगळे मेंढरं आहोत असंही नाही. शब्द म्हणजे द्राक्षाच्या कलमाची काडी, ती रुजते ती खुंटावर, आणि खुंट आपापला असतो. युक्रेनच्या बाबतीत युरोप इतका चिडला आणि आपल्याकडे मात्र सलूनमध्येही निम्मे लोक "रशिया आपला जुना दोस्त" म्हणतात, त्याला कारण आहे. १९७१ला अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं होतं आणि रशिया पाठीशी होता हे आमच्या वडलांच्या पिढीने विसरलेलं नाही. आणि नाशिकला तर ओझरचा विमानांचा कारखाना आहे, मिग इथे बनली, मग सुखोई, कित्येक घरं त्या पगारावर उभी राहिली. त्या खुंटावर 'पुतिन आक्रमक' ही काडी सहजासहजी धरत नाही. २ मार्च २०२२ला युनोच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, ५ देशांनी बाजूने, आणि ३५ तटस्थ राहिले त्यात आपण. नंतर रशियाचं तेल घ्यायला लागलो. त्याच टँकरला तिकडचे पेपर म्हणतात रशियाच्या युद्धाला पैसा, आणि आपले म्हणतात स्वस्त तेल.

आता निफाडच्या माझ्या मामांचं सांगतो, द्राक्ष एक्स्पोर्ट करतात. २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, पहिलं जे पळवलं ते 'गॅलक्सी लीडर' तर भारतातच यायला निघालं होतं. हुथी म्हणाले हे गाझाला समर्थन आहे. अमेरिकेने मोहीम काढली, नाव 'प्रॉस्पेरिटी गार्डियन', म्हणजे समृद्धी रक्षक, आपल्याला समृद्धी म्हटलं की इगतपुरीचा हायवेच आठवतो. आपल्या टीव्हीवर त्याला म्हणायचे 'तांबड्या समुद्रातला तणाव'. तणाव! जसं काही समुद्राला बीपी आहे. युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं वाढलेलं वेगळंच. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर शिपिंगचं बिल पडलं होतं. कुणी समर्थन म्हणत होतं, कुणी रक्षण, कुणी तणाव, पण ज्याला पैसे घ्यायचे होते त्याने बिलावर सरळ छापलं होतं, 'वॉर रिस्क'. मामा त्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढ्या सगळ्यात युद्धाला युद्ध म्हणणारा हाच एक भेटला, आणि त्याने त्याचेही पैसे लावले."